फुकटच्या शिकवणीची किंमत

महासंघाच्या बैठकीसाठी आम्ही नुकतेच चंदीगडला गेलो होतो. बैठक आटोपली, परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून सेक्टर १७ मध्ये गेलो. रेल्वे आणि टपाल कामगारांना ही जागा अगदीच परकी नाही. ज्या निर्देशांकावर आपला महागाई भत्ता ठरतो, तो काढणाऱ्या केंद्र सरकारच्या श्रम ब्युरोचे कार्यालय कित्येक वर्षे याच सेक्टरमध्ये होते. आता ते सेक्टर ३८ पश्चिम येथे गेले आहे. शहराचे मुख्य पोस्ट ऑफिस इथेच, जुने बसस्थानकही इथेच. मधला चौक फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे. भोवतीच्या इमारतींवर खाली दुकाने, वर कचेऱ्या आणि त्या कचेऱ्यांवर परदेशी पाठवणाऱ्या सल्लागारांच्या पाट्या. ज्या चौकात वाहनाचे एक चाक फिरत नाही, त्याच चौकाच्या कडेला हजारो किलोमीटर गाडी हाकण्याचे करारही होतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

कळले ते असे. आमच्या शाखेतल्या एका निवृत्त ट्रॅकमन बंधूंचा भुसावळहून फोन आला. "सेक्रेटरीसाहेब, तुम्ही तिकडे आहात ना? पोरगा चंदीगडला आलाय. कसल्या कागदावर सही करतो म्हणतो. जरा नजर टाका."

मुलगा भेटायला आला. बारावी झालेला, वय चोवीस. रेल्वे भरतीच्या परीक्षा दोनदा देऊन झालेल्या. गावी मालकाचा छोटा टेम्पो चालवत होता. एका मोठ्या वाहतूक कंपनीने त्याला सांगितले होते की जड वाहन आम्ही फुकट शिकवू, राहणे-जेवण आमचे, लायसन्सचा खर्च आमचा, शिकून झाले की नोकरी पक्की. काम पंजाबातून न्हावा-शेवा बंदरापर्यंत कंटेनर नेण्या-आणण्याचे. "काका, फुकट आहे. यात वाईट काय?" असे त्याने विचारले.

प्रश्न सरळ आहे आणि आज आपल्या अनेक घरांत तो विचारला जातो. पूर्वी बापाच्या मागे मुलगा रेल्वेत लागे, टपालात लागे. आता जागा थोड्या आणि अर्ज लाखोंनी. मुलांनी वाट पाहत किती वर्षे बसायचे? म्हणून या विषयावर दोन शब्द लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी कंपनीच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. आपल्या देशात ट्रक चालवायला कोणी शाळेत शिकवले नाही. पोरगा क्लीनर म्हणून चढला, उस्तादाच्या शिव्या खात टायर बदलायला शिकला, रात्री मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा स्टेअरिंग हाती आले आणि एक दिवस ड्रायव्हर झाला. शिकण्याची फी पैशात नव्हती. ती वर्षानुवर्षांच्या फुकट राबणुकीत होती. आता चांगले ड्रायव्हर मिळत नाहीत अशी मालकांचीच ओरड आहे. देशात २२ लाख प्रशिक्षित चालकांची कमतरता आहे, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितले आहे. मान्यताप्राप्त केंद्रात जड वाहनाचे प्रशिक्षण ६ आठवड्यांत ३८ तासांचे असावे, असा केंद्राचा नियम २०२१ पासून लागू आहे. अशा वेळी एखादी कंपनी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या गाडीवर, पद्धतशीर शिकवत असेल तर ती वाट वाईट नाही. गरिबाच्या मुलाने सावकाराकडून पैसे काढून मोटार स्कूलमध्ये भरण्यापेक्षा ती बरी.

आपण स्वतः तरी कसे शिकलो? भुसावळच्या झोनल ट्रेनिंग स्कूलमध्ये आपल्यातल्या किती जणांनी दिवस काढले आहेत! रेल्वेने शिकवले आणि शिकत असताना पैसेही दिले. रेल्वेही प्रशिक्षणाआधी करारनामा लिहून घेते. तेव्हा मालकाने शिकवणे आणि त्या बदल्यात काही काळ नोकरीची हमी मागणे, ही गोष्ट मुळात अन्यायाची नाही. प्रश्न आहे तो त्या कागदात काय लिहिले आहे याचा.

म्हणून आम्ही चौकातल्या बाकावर बसून तो कागद वाचला. इंग्रजीत होता. मुलाने तो पूर्ण वाचला नव्हता, त्याला वाचायला वेळही दिला नव्हता. त्यात चार गोष्टी सापडल्या. पहिली, तीन वर्षे नोकरी सोडायची नाही; सोडली तर दीड लाख रुपये भरायचे. पहिल्या महिन्यात सोडली काय आणि पस्तिसाव्या महिन्यात सोडली काय, रक्कम तीच. दुसरी, प्रशिक्षणाच्या काळात मिळणारा भत्ता पुढे पगारातून कापून घेणार. तिसरी, दहावीचे मूळ प्रमाणपत्र आणि एक कोरा चेक कंपनीकडे ठेवायचा. चौथी, गाडीचे वा मालाचे नुकसान झाल्यास ते चालकाकडून वसूल होईल. नुकसान कोणाच्या चुकीने झाले हे कोण ठरवणार, याबद्दल अवाक्षर नव्हते.

ही शिकवणी फुकट नाही, उधारीची आहे. आणि उधारीची वही एकट्या मालकाच्या हातात आहे.

असे कागद आपल्याकडेच लिहिले जातात असे नाही. अमेरिकेत मोठ्या ट्रक कंपन्यांनी ही पद्धत फार आधीपासून चालवली आहे. तिथल्या न्यू प्राइम या कंपनीकडे डॉमिनिक ऑलिव्हेरा नावाचा चालक अशाच योजनेत शिकला. शिकाऊ म्हणून त्याने १० हजार मैल माल वाहिला आणि त्याचे वेतन मिळाले नाही, असा त्याचा दावा होता. पुढे कंपनीने त्याला कामगार न म्हणता स्वतंत्र कंत्राटदार म्हटले आणि वाद कोर्टात न नेता लवादाकडेच नेला पाहिजे, असे करारावर बोट ठेवून सांगितले. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने एकमताने चालकाच्या बाजूने निकाल दिला. निकालाचा आधार आपण रेल्वेवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९२५ च्या त्यांच्या लवाद कायद्यातून खलाशी, रेल्वे कामगार आणि आंतरराज्य वाहतुकीतले इतर कामगार वगळले होते. न्यायालय म्हणाले, कागदावर नाव कंत्राटदाराचे असले तरी ही सूट त्याच्या कामाच्या करारालाही लागू आहे. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कायद्यात घातलेला रेल्वे कामगार हा शब्द एका ट्रक ड्रायव्हरच्या उपयोगी पडला!

टपालातल्या बंधूंना हा वाद नवा नाही. खेड्यात डाक वाटणाऱ्याला खात्याने वर्षानुवर्षे खात्याबाहेरचा म्हटले. १९७७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की हेही शासनाखालचे पदच आहे. आज ग्रामीण डाकसेवक म्हणून तीच माणसे आपल्या हक्कांसाठी झगडत आहेत. कागदावर काय नाव लिहिले, याला किती किंमत असते हे त्यांना विचारावे.

आता शिकवणीत कसर राहिली तर काय होते ते पाहू. ६ एप्रिल २०१८ रोजी कॅनडाच्या सस्काचेवान प्रांतात एक मोठा ट्रक थांब्याची खूण ओलांडून चौरस्त्यात शिरला आणि हॉकी खेळणाऱ्या मुलांची बस त्याच्यावर आदळली. १६ जण मेले, १३ जखमी झाले. ट्रक चालवणारा तरुण भारतातून गेलेला होता. त्याला त्या नोकरीत जेमतेम तीन आठवडे झाले होते. दोन आठवडे तो मालकाबरोबर फिरला आणि मग दोन ट्रेलर जोडलेली ती अजस्र गाडी त्याच्या एकट्याच्या हाती दिली गेली. त्याने न्यायालयात सगळा दोष कबूल केला. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. मालकाने सुरक्षेचे नियम पाळले नव्हते, त्याला पाच हजार डॉलर दंड झाला. त्यानंतर त्या प्रांताने ट्रकचालकांसाठी प्रशिक्षणाचे किमान तास सक्तीचे केले.

मेलेल्या मुलांच्या आईबापांचे दुःख मोजता येत नाही आणि चालकाची चूकही लपवता येत नाही. पण अर्धवट शिकवून गाडी हाती देणारा मालक दंड भरून मोकळा होतो आणि स्टेअरिंगवर बसलेला तुरुंगात जातो, हे आपल्या मुलांनी ध्यानात ठेवलेच पाहिजे.

आपल्याकडे लोको पायलटला नवा सेक्शन दिला तर आधी ठराविक एल. आर. फेऱ्या होतात. सिग्नल कुठे, चढ कुठे, उतार कुठे, हे डोळ्यांखालून गेल्याशिवाय तो गाडी घेत नाही आणि कोणी घ्यायला लावले तर युनियन उभी राहते. पण चंदीगडहून निघालेल्या नव्या ट्रक ड्रायव्हरला कसारा घाट प्रथम दिसतो तो भरलेल्या कंटेनरसह, रात्रीच्या अंधारात आणि चार राज्यांची झोप डोळ्यांवर घेऊन. त्याला कोणी एल. आर. देत नाही.

कामाच्या तासांची गोष्टही तशीच. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. लांब पल्ल्याला ती १० आणि ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांतीची तरतूद होती. पण कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू, आणि ट्रकचा धंदा मोठ्या प्रमाणात एक-दोन गाड्यांच्या मालकांचा. कायदा पुस्तकात राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. नवी संहिताही दिवसाला आठ तासच सांगते. पण हायवेवर हे तास मोजणार कोण? रेल्वेत ते मोजले जातात, कारण त्यासाठी कामगार लढले. ऑगस्ट १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने संप करून १० तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले. ते पुरते पाळले जावे म्हणून आजही लोको पायलट भांडत आहेत. संघटना असून ही गत, तर संघटना नसलेल्याची काय कथा?

काही बंधू म्हणतील, ट्रकवाल्यांनी रेल्वेचा माल पळवला, त्यांच्या ड्रायव्हरची चिंता आपण का करावी? आम्ही याचा उलटा विचार करतो. ट्रकचे भाडे स्वस्त पडते, त्याचे एक कारण म्हणजे ड्रायव्हरची झोप हिशेबात धरलेली नसते. सोळा तास गाडी चालवणाऱ्याला एकाचा पगार दिला की भाडे आपोआप उतरते. त्या उतरलेल्या भाड्याशी आपल्या मालगाडीची स्पर्धा लावली जाते आणि मग आपल्याला सांगतात, माणसे कमी करा. मुंबईच्या मेल मोटर सर्व्हिसमधल्या चालकांना विचारा. खात्याची गाडी आणि कंत्राटाची गाडी यांच्या दरांची तुलना कशी करतात ते सांगतील. कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीवर १९९९ पासून ट्रक आणि ट्रकवाले आपल्याच वॅगनवर बसून जातात. पोट दोघांचेही वाहतुकीवर आहे. त्याचे तास वाढले की आपली नोकरी आखडते.

मुलाला आम्ही सही करू नको असे सांगितले नाही. तसे सांगणे सोपे होते, पण त्याला पर्यायी नोकरी देणे आमच्या हातात नव्हते. आम्ही त्याला कागदावर खुणा करून दिल्या. ज्या घरात असा कागद येईल त्या घरासाठी त्या इथे देतो.

१. शिकाऊ काळातले पैसे पहिल्या दिवसापासून बँक खात्यात आले पाहिजेत आणि ते परत कापले जाऊ नयेत. शिकता शिकता माल वाहिला तर ते काम आहे, त्याचे वेतन मिळालेच पाहिजे.

२. बाँडची रक्कम कशी झाली याचा हिशेब लिहून घ्या आणि ती दरमहा उतरत जाईल असे लिहून घ्या. समजा २४ महिन्यांसाठी ६० हजारांचा बाँड आहे. दर महिन्याला अडीच हजार उतरले पाहिजेत. दहा महिने काम झाले तर देणे ३५ हजारच राहिले पाहिजे.

३. कंपनीने काढले, पगार थकवला, धंदा बंद केला किंवा अपघात-आजाराने काम सुटले, तर बाँड रद्द होईल हे कागदावर हवे.

४. मूळ प्रमाणपत्र, मूळ लायसन्स, पासपोर्ट देऊ नका. कोरा चेक तर कदापि देऊ नका. बाँडचा वाद दिवाणी असतो. चेक वटला नाही तर कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

५. लायसन्स निघाल्यानंतर किती दिवस जुना चालक बरोबर असेल ते विचारा. ३८ तासांनी लायसन्सची परीक्षा पास होता येते, घाट उतरता येत नाही.

६. अपघात झाला तर वकील कोण देणार, जामीन कोण देणार, दवाखाना कोण करणार आणि घरी पगार जाणार की नाही, हे आधी विचारा. जानेवारी २०२४ मध्ये अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमावरून देशभर ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा सरकारला ते कलम थांबवावे लागले. चालक जागेवर थांबत नाही तो जमावाच्या भीतीने. त्याच्या मागे कंपनी आणि संघटना उभी असेल तर तो थांबेल.

७. परदेशाचे आमिष असेल तर एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट नोंदीत पाहा. नोंदलेल्या एजंटला सेवाशुल्क ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येते. लाखांची भाषा सुरू झाली की उठून या. आणि इथले जड वाहनाचे लायसन्स कॅनडात जसेच्या तसे चालत नाही, तिथे पुन्हा शिकावे लागते.

"बाँडला कोर्टात काही किंमत नसते, सही करून टाक," असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो सल्ला चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. दुसऱ्या बाजूने, करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की करारात आकडा काहीही असो, भरपाई वाजवी तेवढीच मिळते. म्हणजे बाँड अगदी कागदी वाघही नव्हे आणि देवाने लिहिलेली रेघही नव्हे. त्यावर सही करण्याआधी बोलता येते. सही झाल्यावर बोलायला वकील लागतो.

मुलगा आमच्या खुणांचा कागद घेऊन परत वर गेला. दीड तासाने खाली आला. प्रमाणपत्र आणि चेक त्याला परत मिळाले. बाँडची रक्कम दरमहा उतरेल हे लिहून मिळाले. तीन वर्षे ती तीनच राहिली आणि नुकसानीचे कलमही तसेच राहिले. त्याने सही केली. त्याच्याबरोबर आणखी आठ मुले होती, असे तो म्हणाला. त्यांनी जुन्याच कागदावर सह्या केल्या होत्या, कारण त्यांच्या बापाला फोन करायला कोणी सेक्रेटरी नव्हता.

घरी येईपर्यंत ती आठ मुले आमच्या डोक्यातून गेली नाहीत. एकट्याने बोलला तर दोन अटी बदलल्या. नऊ जण एकत्र बोलले असते तर उरलेल्या दोन बदलल्या नसत्या कशावरून?

म्हणून आमचे शाखांना सांगणे आहे. प्रत्येक शाखा कार्यालयात आठवड्यातला एक दिवस कामगारांच्या मुलांचे नोकरीचे कागद वाचून देण्यासाठी ठेवा. त्याला पैसा लागत नाही. आपल्यात इंग्रजी वाचणारे निवृत्त बंधू आहेत, वकील मंडळी आहेत. टपालातल्या बंधूंनी खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत हा निरोप पोचवावा. त्यांच्याइतकी घरे कोणाला माहीत आहेत? आणि महासंघाने सरकारकडे मागणी लावून धरावी की मालकाने दिलेल्या प्रशिक्षणाच्या करारांचा एकच नमुना ठरवावा, तो कामगाराच्या भाषेत असावा, शिकाऊ काळात वेतन सक्तीचे करावे आणि मूळ कागद अडकवून ठेवणे हा गुन्हा ठरवावा.

बंधूंनो, आपली मुले आपल्याच कामावर येतील अशी आता खात्री राहिलेली नाही. ती ट्रकवर जातील, गोदामात जातील, परमुलखात जातील. त्यांना नोकरी लावून देणे कदाचित आपल्या हाती नसेल. पण सहीच्या आधी कागद वाचावा आणि वाचताना चार जण बरोबर असावेत, ही आपल्या चळवळीची शिकवण त्यांच्या हाती देणे नक्कीच आपल्या हाती आहे. ही शिकवणी खरोखर फुकट आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!